रात्री तीन वाजता शेजारी कोण उभं असतं?

पोटात दुखतंय, एवढंच सांगत माणूस आत येतो. हातात फाइल नाही, जुने रिपोर्ट नाहीत, कोणाची चिठ्ठी नाही. कधी तो नुसता गॅस असतो, कधी मुतखडा. कधी पोटातली महाधमनी फुगून फुटायच्या बेतात असते, आणि कधी दुखणं पोटात जाणवत असलं तरी रोग हृदयात असतो. हॉस्पिटलच्या बाकीच्या विभागांत पेशंट पोचतो तोवर कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं की हा हृदयाचा, हा मेंदूचा, हा हाडाचा. इमर्जन्सीत ते ठरायचं बाकी असतं. आणि शिकवणाऱ्या हॉस्पिटलात ते ठरवायला सगळ्यात आधी पुढे होतो तो रेसिडेंट, म्हणजे डॉक्टर झालेला पण या कामात अजून घडत असलेला एक तरुण मुलगा किंवा मुलगी.

अशाच मुलामुलींना मी बरीच वर्षं शिकवते आहे. या शिक्षणाबद्दल बाहेरच्या लोकांची समजूत बहुधा अशी असते की इथे वेग शिकवतात. धावपळ, आरडाओरडा, झटपट निर्णय. वेग येतोच, तो वर्षभरात कोणालाही येतो. शिकायला कठीण जातं ते वेगळंच. पूर्ण माहिती हातात नसताना पाऊल उचलायचं, ते उचलल्यावरही आपण चुकत असू ही शंका मनात जागी ठेवायची, आणि गरज पडली की लाज न बाळगता हाक मारायची. यातलं शेवटचं शिकवणं सर्वस्वी हॉस्पिटलच्या हातात असतं, आणि तिथेच बहुतेक ठिकाणी गाडं अडतं.

नवा रेसिडेंट येतो तो कॉलेजातली सवय घेऊन. सविस्तर हिस्टरी, तपासणी, मग संभाव्य आजारांची यादी. सगळ्यात शक्य वाटणारा आजार सगळ्यात वर. इथे ती यादी उलटी लिहायला लावतो. शक्य काय आहे ते नंतर बघू. पुढच्या तासाभरात याचा जीव कशानं जाऊ शकेल ते आधी सांग. छातीत दुखत असेल तर हार्ट अटॅक, महाधमनीचा पदर फाटणं, फुफ्फुसात गुठळी अडकणं, छातीत हवा भरून फुफ्फुस दाबलं जाणं, हृदयाभोवती रक्त साचणं, अन्ननलिका फाटणं. ही सहा नावं एकेक करून मनातून खोडल्याशिवाय ॲसिडिटी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हुशार मुलांना हे सुरुवातीला जड जातं, कारण आजवर त्यांना बक्षीस मिळालेलं असतं ते अचूक उत्तराला. इथे पेशंट वर पाठवताना किंवा घरी सोडताना पुष्कळदा उत्तर मिळालेलंच नसतं. फक्त काय नाही ते कळलेलं असतं, आणि तेवढ्यावर काम चोख झालं असं मानायला शिकावं लागतं.

इमर्जन्सी मेडिसिन ही शाखा वयानं लहान आहे. ती येण्याआधी कॅज्युअल्टीची ड्यूटी म्हणजे आज तुझी पाळी, उद्या माझी. मोठमोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांतही दारात उभा असायचा तो सगळ्यात नवा, सगळ्यात कमी अनुभवाचा डॉक्टर. जाणते लोक वर वॉर्डात किंवा घरी. इंग्लंडात लीड्सला १९५२ साली मॉरिस एलिस यांची कॅज्युअल्टीसाठी पूर्णवेळ कन्सल्टंट म्हणून नेमणूक झाली, ती त्या काळात जगावेगळी गोष्ट होती. अमेरिकेत १९६१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावी जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपापली प्रॅक्टिस सोडून चोवीस तास इमर्जन्सीच सांभाळायचं ठरवलं. १९६६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अपघाती मृत्यूंवरचा अहवाल आला. गंभीर जखमी व्हायचंच असेल तर शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर वाचण्याची शक्यता जास्त, असं अनुभवी सल्लागारांचं मत त्यात नोंदवलेलं आहे. मग १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात इमर्जन्सी मेडिसिनची पहिली रेसिडेन्सी सुरू झाली. पहिले रेसिडेंट ब्रूस जेनियाक. अमेरिकेत स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता १९७९ साली, भारतात वैद्यक परिषदेची मान्यता २००९ साली.

या इतिहासात मला नेहमी जेनियाक यांचं कुतूहल वाटतं. ते शिकत होते तेव्हा त्या विषयात शिकून तयार झालेला एकही शिक्षक जगात नव्हता. सर्जनकडून थोडं, फिजिशियनकडून थोडं, बालरोगवाल्यांकडून थोडं, असं गोळा करत जायचं आणि त्याची सांगड आपली आपण घालायची. आज आमच्या मुलांना ते करावं लागत नाही. त्यांच्याआधी याच दारात उभं राहून आलेलं माणूस शेजारी असतं. असावं, असं म्हणते. सगळीकडे असतंच असं नाही.

शेजारी असणं म्हणजे नेमकं काय, ते श्वासनलिकेत ट्यूब टाकताना सगळ्यात स्पष्ट दिसतं.

समजा धाप लागून थकलेले आजोबा आहेत. ऑक्सिजनचा मास्क लावूनही छाती वरखाली होतेय, डोळे मिटू लागलेत. ट्यूब टाकायचं ठरलं. रेसिडेंट दुसऱ्या वर्षाची आहे. ती डोक्याखाली घड्या घातलेली चादर सरकवते. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाच्या वरची खाच एका रेषेत आली की मान बरोबर बसली. ऑक्सिजन चालू आहे, सक्शनचा आवाज येतोय, सिस्टरच्या हातात औषधांच्या दोन सिरिंज आहेत, वर नावं लिहिलेली. सुरू करण्याआधी ती मोठ्यानं सांगते, पहिल्यांदा काय करणार, नाही जमलं तर काय करणार, तेही नाही जमलं तर काय. हे मोठ्यानं सांगणं सक्तीचं असतं. घाबरलेल्या मनाला दुसरा मार्ग ऐनवेळी सुचत नाही, तो आधीच ठरलेला असावा लागतो.

औषध गेलं की माणसाचा श्वास थांबतो. आपणच थांबवलेला असतो. आता त्याच्याकडे आहे तो छातीत साठवलेला ऑक्सिजन. धडधाकट माणसाचा तो काही मिनिटं पुरतो, आजारी फुफ्फुसांचा फार लवकर सरतो. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं पातं असलेलं उपकरण, डाव्या हातात. जिभेच्या उजव्या कडेनं आत, जीभ डावीकडे सारत. मनगट वाकवून दातांवर टेकू घ्यायचा मोह होतो, तो टाळायचा. पूर्ण हात पुढे आणि वर उचलायचा. आधी स्वरयंत्राचं झाकण दिसतं, मग त्याखाली स्वरतंतूंच्या दोन पांढुरक्या कडा. दिसल्या की नजर हलवायची नाही. ट्यूब उजव्या हातात दुसऱ्या कोणीतरी द्यायची.

या सगळ्यात मी तिच्या उजव्या हाताला उभी असते. माझे डोळे मॉनिटरवर, कान सॅच्युरेशनच्या सुरावर. आकडा उतरू लागला की सूरही उतरतो. ९३ च्या खाली जायला लागलं की मी एवढंच म्हणते, "बाहेर ये, मास्क लाव." आवाज चढवायचा नाही. तिचा हात बाजूला सारायचा नाही. मास्कनं ऑक्सिजन भरायचा, पाती किंवा मानेची ठेवण बदलायची आणि पुन्हा तिलाच द्यायचं. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर मात्र मी पुढे होते. कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक धोका वाढतो आणि त्याची किंमत आजोबा मोजतात. किती वेळ हात मागे ठेवायचा आणि कोणत्या क्षणी पुढे करायचा, हे शिकवणाऱ्यानं शिकायचं कौशल्य आहे. माझ्या मते ते ट्यूब टाकण्यापेक्षा अवघड आहे.

यात एक मोठा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. पूर्वी शिकणाऱ्याला घशात काय दिसतंय ते फक्त त्यालाच माहीत असायचं. शिकवणाऱ्याला दिसायची त्याच्या डोक्याची मागची बाजू. "दिसतंय का?" "दिसतंय वाटतं, मॅडम." त्या 'वाटतं'वर सगळा भरवसा. आता पात्याच्या टोकाला कॅमेरा असतो आणि समोरच्या पडद्यावर दोघींना एकच दृश्य दिसतं. मी म्हणू शकते, आणखी जरा मागे ये, तू फार आत गेली आहेस. अमेरिकेत इमर्जन्सी आणि आयसीयू मिळून १७ विभागांत, १,४१७ गंभीर पेशंटवर याचा अभ्यास झाला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या लॅरिंगोस्कोपनं पहिल्याच प्रयत्नात ट्यूब पडण्याचं प्रमाण ७०.८ टक्के होतं, कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपनं ते ८५.१ टक्के झालं. त्यातल्या बहुसंख्य ट्यूब रेसिडेंट आणि फेलोंनीच, म्हणजे रेसिडेन्सीनंतर पुढचं शिकणाऱ्यांनीच, टाकलेल्या होत्या, म्हणून तो निकाल मला आमचा वाटतो. यंत्राची करामत आहेच. पण शिकणारा आणि शिकवणारा पहिल्यांदाच एका जागी बघू लागले, याचं मोल मला त्याहून जास्त वाटतं.

त्या आजोबांनी मात्र कधी म्हटलं नव्हतं की माझ्यावर शिका. वॉर्डातल्या पेशंटला निदान विचारता येतं: हे विद्यार्थी आहेत, त्यांनी तपासलं तर चालेल का? आमच्याकडे शुद्ध हरपलेला माणूस कोणाला हो किंवा नाही म्हणणार? जगातला प्रत्येक निष्णात इमर्जन्सी डॉक्टर अशा अनोळखी, न विचारलेल्या माणसांच्या शरीरांवर घडलेला असतो. हे ऋण फेडायचा एकच मार्ग मला दिसतो. जे सरावाच्या बाहुलीवर शिकता येतं ते आधी बाहुलीवर शिकून यायचं, आणि माणसावर पहिल्यांदा हात ठेवताना जाणता माणूस बाजूला असायचाच. एकदा बघ, एकदा कर, मग दुसऱ्याला शिकव, अशी जुनी रीत होती. तिच्यात पेशंटचा विचार कुठेच नव्हता.

रेसिडेंटच्या कामाच्या तासांवर पुष्कळ बोललं जातं. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी इमर्जन्सीतून भरती झाली आणि काही तासांतच दगावली. रात्री तिची जबाबदारी एका इंटर्नवर आणि एका रेसिडेंटवर होती. दोघांकडे इतरही पुष्कळ पेशंट. तिच्या वडिलांनी, ते पत्रकार होते, हा प्रश्न सोडला नाही. बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. इमर्जन्सीच्या रेसिडेंटना तिथे त्याहून कडक नियम आहे: विभागात सलग १२ तासांहून लांब शिफ्ट नाही, आठवड्याला पेशंट बघण्याचे ६० तास. बरोबरच आहे. वॉर्डात रात्री एखादा तास शांत मिळू शकतो, आमच्या दारात तो गृहीत धरता येत नाही.

पण त्या समितीनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तासांची सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसरी होती देखरेखीची: अनुभवी डॉक्टर चोवीस तास प्रत्यक्ष हजर हवा. खुद्द बेल पुढे सांगत राहिले की मूळ मुद्दा देखरेखीचा आहे. तास मोजता येतात, तक्त्यात लिहिता येतात, तपासणीला दाखवता येतात. मॅडम खरोखर बाजूला उभ्या होत्या की सहीपुरत्या, ते तक्त्यात दिसत नाही. भरपूर झोप झालेला पण एकटा पडलेला रेसिडेंटही तितकाच धोक्यात असतो आणि त्याचा पेशंटही.

शिफ्ट बदलते ती वेळ मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. रात्रीचा थकलेला रेसिडेंट सकाळच्याला सगळे बेड सांगत जातो. "सात नंबर, गॅस्ट्रायटिस, सलाइन संपली की सोडायचं." पहाटे चारला जो अंदाज होता तो आठला निदान बनतो, आणि दुपारच्या हँडओव्हरला तर त्यावर कोणी शंकासुद्धा घेत नाही. दारूचा वास येणारा माणूस कोपऱ्यात झोपलेला असतो. पिऊन पडलाय, उतरली की जाईल. पडताना डोक्याला मार लागून कवटीत हळूहळू रक्त साचत असेल, तर तोही असाच झोपलेला दिसतो. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे इमर्जन्सी डॉक्टर पॅट क्रॉसकेरी यांनी मनाच्या अशा घसरणींचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि या गोष्टी शिकवता येतात हे दाखवून दिलं. हँडओव्हरला ठरावीक साचा द्यायचा, ऐकणाऱ्यानं ऐकलेलं परत सांगायचं, एवढ्या साध्या बदलानंही फरक पडतो. २०१४ मध्ये नऊ हॉस्पिटलांतल्या बालरोग रेसिडेंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. आमच्याकडे मी त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे. प्रत्येक बेडपाशी घेणाऱ्यानं देणाऱ्याला विचारायचं, "हे नसेल तर काय असेल?" उत्तर एका वाक्यात चालतं. काही मुलं सुरुवातीला वैतागतात, वेळ जातो म्हणतात. जाऊ दे की.

शिकवायला निवांत वेळ इथे मिळत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. दोन पेशंटच्या मधल्या दोन मिनिटांत पुष्कळ होतं. तुला काय वाटतं? कशावरून? आधी त्याला बोलतं करायचं, मग आपण बोलायचं. माझी तक्रार गर्दीबद्दल आहे, आणि तीही दारातून येणाऱ्या गर्दीबद्दल नाही. भरती झालेला, पण वर वॉर्डात बेड नाही म्हणून तासन्‌तास, कधी दिवसभर आमच्याच स्ट्रेचरवर पडून राहिलेला पेशंट, ही खरी अडचण. श्रीमंत देशांतली नावाजलेली हॉस्पिटलंसुद्धा यातून सुटलेली नाहीत. मग रेसिडेंटचा दिवस फोन करण्यात जातो: बेड झाला का, आयसीयूत जागा झाली का, यांची संध्याकाळची औषधं कोण देणार. नवा पेशंट कॉरिडॉरमध्ये तपासावा लागतो, कपडे न काढता, सगळ्यांसमोर. पोटाला हात लावून, कडकपणा बोटांना कसा लागतो ते दाखवायचं असतं. तिथे पडदासुद्धा नसतो. इमर्जन्सी तुंबली की लोक इमर्जन्सीलाच बोल लावतात. तुंबलेलं असतं वरचं हॉस्पिटल.

मृत्यूबद्दल लिहायलाच हवं, कारण तेही शिकवावं लागतं आणि ते बाहुलीवर पुरतं शिकता येत नाही. नातेवाइकांच्या खोलीत जाण्याआधी रेसिडेंटनं गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव दोनदा वाचायचं, मोबाइल सिस्टरकडे द्यायचा, एप्रनवर रक्त असेल तर बदलायचा. आत गेल्यावर बसायचं. उभ्यानं सांगायचं नाही. समोर कोण कोण आहे ते विचारायचं. मग फार वळसे न घेता, स्पष्ट शब्दांत सांगायचं आणि गप्प राहायचं. ते गप्प राहणं मुलांना सहन होत नाही. ती लगेच औषधांची, प्रयत्नांची माहिती द्यायला लागतात. म्हणून पहिल्या काही वेळा मी सांगते आणि ती माझ्या शेजारी बसतात. पुढे ती सांगतात आणि मी शेजारी बसते.

आणि त्याआधी, सीपीआर थांबवल्यावर, बेडपाशीच सगळ्यांनी थोडा वेळ स्तब्ध उभं राहायचं. ही प्रथा व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधले नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी सुरू केली आणि ती पुष्कळ देशांत पसरली. धर्माचं, प्रार्थनेचं काही नाही. हा कोणाचा तरी कोणीतरी होता, आणि आपण त्याच्यासाठी झटलो, एवढं मनात आणायचं. एका नर्सनं डॉक्टरांना हे शिकवलं याचा मला विशेष आनंद आहे. आमच्याकडेही ज्युनिअर रेसिडेंट जितकं माझ्याकडून शिकतात तितकंच सिस्टरांकडून शिकतात. पेशंट बिघडतोय हे पुष्कळदा त्यांनाच आधी कळतं. "डॉक्टर, हे मला बरे दिसत नाहीत," असं सिस्टर म्हणाल्या की हातातलं टाकून आधी तिकडे जायचं, हा आमच्याकडे पहिल्या दिवशी सांगितला जाणारा नियम आहे.

डॉक्टर झालेली मुलं दरवर्षी विचारायला येतात, मॅडम, इमर्जन्सी कुठे करू? हॉस्पिटलांची यादी घेऊन येतात. बेड किती, ट्रॉमा, म्हणजे अपघाताचे जखमी, किती येतात, सीटी स्कॅन विभागातच आहे का, सगळं लिहून आणलेलं असतं. हे हवंच, पेशंट नसतील तर शिकणार कशावर? पण मी सांगते, जमलं तर तिथे एक रात्र जाऊन बघ. आणि सेकंड इयरच्या एखाद्या रेसिडेंटला गाठून विचार: रात्री तीनला ट्यूब जमेना, तर कोणाला हाक मारतोस? ते विभागातच असतात की घरी? आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतात? आधी का नाही बोलावलंस म्हणतात, की एवढ्यासाठी बोलावलंस म्हणतात? आणि उत्तर देण्याआधी तो आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे बघतो का, तेवढं लक्षात ठेव.